सोन्याचं तारण आणि देवाचं तारण

ताई, सलाम. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, लगेच लिहायला बसलो आणि थांबलो, कारण तुम्ही विचारलंय की तारण, म्हणजे देवाकडून होणारी सुटका, विश्वासानं होतं का कर्मांनी, पण आतून विचारताय की माझे बाबा कुठे आहेत, आणि ही दोन उत्तरं एका दमात देता येत नाहीत.

तुम्ही लिहिलंय की बाबा १५ वर्षं दर रविवारी मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेज हॉस्पिटलच्या, गेटजवळ पेशंटच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे वाटायचे, त्यामुळे उपासना बहुतेक वेळा चुकायची. यंदा पावसाळ्यात ते गेले, शेवटचे चार दिवस व्हेंटिलेटरवर होते, बोलणं झालंच नाही. मातीनंतर तिसऱ्या दिवशी भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले की बाबा चांगले होते पण त्यांचा भरवसा कर्मांवर होता, त्यांनी कधी उभं राहून साक्ष दिली नाही, तारणाची प्रार्थना केली नाही, म्हणून खात्रीनं काही सांगता येत नाही. आणि मावशी, ज्या कॅथलिक घरात दिल्यात, त्या म्हणाल्या एवढं पुण्य केलेल्या माणसाला देव कसा सोडेल. तुम्ही दोघांच्या मधे सापडलात. एकीकडे बायबलातल्या पौलाच्या पत्रांतलं वचन, दुसरीकडे याकोबाच्या पत्रातलं, आणि शेवटी हा प्रश्न की डबे मी पुढे चालू ठेवले तर ते बाबांच्या नावे लागतील का.

मी नागपुरात आणि आसपासच्या गावांत २८ वर्षं पाळक आहे, यातला बराच वेळ हॉस्पिटलमधे खाटांजवळ गेलाय. कॉलेजात जे शिकलो ते कामाला आलंच, पण हा विषय मला खरा समजला तो खाटांजवळ. त्यामुळे तिथूनच सांगतो.

आधी तारण हा शब्दच बघा. नागपूरच्या बर्डी बाजारात मेन रोडनं चालत गेलात तर पाट्या दिसतात, सोने तारण कर्ज. म्हणजे काय तर तुम्ही तुमची पाटली नाहीतर गोफ ठेवायचा, बँक वजन करणार, कस बघणार, आणि तेवढ्या किमतीवर तुम्हाला पैसे देणार. तारण तुम्ही ठेवता, भरवसा बँक ठेवते. आणि आपण चर्चमधे जे तारण म्हणतो तो शब्द तोच आहे, तारणं, राखणं, पण दिशा पूर्ण उलटी आहे, तिथे ठेवणारा देव आहे आणि भरवसा ठेवणारे आपण. मला इतक्या वर्षांत असं वाटत आलंय की आपल्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या डोक्यातला अर्धा घोळ इथे आहे, तो बायबलचं तारण ऐकतो आणि बँकेचं समजतो. मी काय ठेवू म्हणजे देव मला घेईल? कोणी डबे ठेवतो, कोणी दशमांश, कोणी चाळीस दिवसांचा उपास, आणि हे नीट लक्षात घ्या, कोणी आपला विश्वासच ठेवतो.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळीतले एक वृद्ध सभासद शेवटच्या आजारात होते, मंडळीचे हिशेब त्यांनी वीसेक वर्षं सांभाळलेले, एक पैसा इकडचा तिकडे नाही. मी प्रार्थनेला गेलो तर त्यांनी माझा हात धरला आणि एकेक सांगायला लागले, कंपाउंडची भिंत माझ्या वेळी झाली, संडे स्कूलचे बाक मी आणले, अमक्याच्या पोरीच्या लग्नाला मी मदत केली, कोणाला सांगितलं नाही. पंधरा मिनिटं बोलले. आणि मग एकदम गप्प झाले आणि विचारलं, पाळकबुवा, पुरेल का हो एवढं?

ताई, त्या माणसाच्या डोळ्यात जी भीती होती ती मी विसरलो नाही. एवढा प्रामाणिक माणूस आणि तो सोनं तोलून घ्यायला रांगेत उभा होता. मी त्यांना म्हटलं, दादा, नाही पुरणार, माझंही नाही पुरणार, पण तुम्हाला कोणी काट्यावर ठेवूनच नाही राहिलं. मग पौलाच्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय, आठवी-नववी ओवी वाचली, तारण कृपेनं झालंय, विश्वासाच्या द्वारे, ते आपल्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे, कर्मांनी नाही म्हणजे कोणाला फुशारकी मारायला जागा नको. ते रडले. त्यांनी हे वचन आयुष्यभर पाठ म्हटलेलं होतं, फक्त त्या दिवशी ते त्यांच्या खाटेवर येऊन बसलं.

म्हणून भाऊजींचं अर्धं बोलणं बरोबर आहे हे मी आधीच मान्य करतो. डब्यांनी तारण होत नाही. १५ वर्षं × ५२ रविवार × समजा २० डबे असा गुणाकार करून देवासमोर ठेवला तरी तो तारणाची किंमत होत नाही. तुमच्या मावशींचं प्रेम मला समजतं, पण एवढं पुण्य केलंय तर देव कसा सोडेल, या वाक्यात देव देणेकरी झालाय, आणि देव कोणाचा देणेकरी नाही.

पण भाऊजींचं उरलेलं अर्धं मला पटत नाही आणि ते का पटत नाही हे सविस्तर सांगतो, कारण ही चूक आजकाल फार पसरलीय. विश्वासाचंही कर्म करता येतं. मी अमुक तारखेला हात वर केला, मी अमुक प्रार्थना म्हटली, मी इतका घट्ट विश्वास ठेवला, म्हणून माझं तारण पक्कं. ऐकायला हे पौलासारखं वाटतं, पण यातला "मी" किती मोठा झालाय बघा! मग हेच सोनं झालं, हेच काट्यावर ठेवलं, आणि ज्याच्याकडे असं सोनं दिसलं नाही त्याला आपण रांगेबाहेर काढलं. विश्वास वाचवत नाही ताई, ख्रिस्त वाचवतो. विश्वास म्हणजे त्याच्यावर टाकलेला भार. बाळंतपणाच्या वेदनेत बाई सुईणीचा हात धरते तेव्हा ती आपली पकड किती मजबूत आहे याचा हिशेब करत नाही, ज्याचा हात धरला तो हात मजबूत असला की झालं.

आता पौल आणि याकोब. लोक याला भांडण म्हणतात आणि वरवर बघितलं तर दिसतंही तसंच. रोमकरांस पत्र ३:२८ मधे पौल म्हणतो माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासानं नीतिमान ठरतो. याकोब २:२४ मधे म्हणतो केवळ विश्वासानं नाही तर क्रियांनी नीतिमान ठरतो. गंमत अशी की "केवळ विश्वासानं" हे शब्द असे जोडून अख्ख्या बायबलात एकाच ठिकाणी येतात, आणि ते याकोबाच्या या ओवीत, तेही "नाही" लावून. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनं १५२२ साली नव्या कराराचं जर्मन भाषांतर काढलं तेव्हा रोमकरांस ३:२८ मधे "केवळ" हा शब्द स्वतः घातला, अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून, आणि त्यावरून त्याला खूप ऐकून घ्यावं लागलं. त्याच वर्षीच्या प्रस्तावनेत तो याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हणाला. ल्यूथरचा मी फार ऋणी आहे, पण इथे तो चुकला असं माझं स्पष्ट मत आहे, भांडणाच्या भरात त्यानं आपल्याच बाजूच्या साक्षीदाराला हाकलून दिलं.

कारण दोघं कोणाशी बोलतायत ते बघा ना. पौलाच्या समोर कोण होते? जे म्हणत होते की यहूदी नसलेल्यांनी आधी सुंता करून घ्यावी, नियमशास्त्र पाळावं, तेव्हाच तारण. म्हणजे आत येण्याआधी तारण ठेवा म्हणणारे. याकोबासमोर कोण होते? जे आधीच आत आलेत, सभेत बसलेत, श्रीमंताला पुढची खुर्ची देतात आणि गरिबाला म्हणतात तू इथं पायाशी बस, उघड्या उपाशी भावाला म्हणतात सुखानं जा, ऊब घे, पोटभर खा, आणि देत काहीच नाहीत. पौल दाराशी उभा राहून बोलतोय, याकोब घरात बसून. आणि याकोब ज्या विश्वासाला मेलेला म्हणतो तो कसला आहे तेही त्यानं सांगितलंय, देव एक आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. म्हणजे डोक्यानं मान्य करणं. पौलानं कधी त्याला विश्वास म्हटलंच नव्हतं, गलतीकरांना लिहिताना तर तो सरळ म्हणतो की उपयोगाचा विश्वास म्हणजे प्रीतीच्या द्वारे काम करणारा विश्वास.

दोघंही उदाहरण अब्राहामाचंच देतात, आणि मला स्वतःला इथे सगळ्यात जास्त उजेड पडला. उत्पत्ती १५ मधे देव त्याला बाहेर नेऊन तारे दाखवतो, तो विश्वास ठेवतो आणि ते त्याच्या बाजूला नीतिमत्त्व म्हणून मोजलं जातं. मग इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा. सुंता झाली तेव्हा ९९ वर्षांचा. म्हणजे नीतिमान ठरल्यावर किमान १३ वर्षांनी सुंता. पौल रोमकरांस ४ मधे हेच विचारतो, आधी काय झालं? सुंता आधी का विश्वास आधी? उत्तर समोर आहे. मग इसहाक जन्मला, लाकडाची मोळी उचलण्याइतका मोठा झाला, आणि मग उत्पत्ती २२ मधला मोरियाचा डोंगर, जिथे देवानं त्याला या इसहाकाचंच अर्पण करायला सांगितलं आणि तो निघाला. याकोब डोंगरापासून सुरू करतो आणि म्हणतो, ताऱ्यांखाली जे लिहिलं होतं ते इथे पूर्ण झालं. पौल सुरुवात दाखवतोय, याकोब तीच गोष्ट कितीतरी वर्षांनंतर दाखवतोय. पोरगं जन्मलं तेव्हाच ते तुमचं झालं, पण पाच वर्षं झाली आणि ते हललं नाही, रडलं नाही, बोललं नाही तर आई डॉक्टरकडे धावतेच ना! याकोब ती आई आहे.

आणि हे दोघं एकमेकांना भेटलेही होते. प्रेषितांची कृत्ये १५ वाचा. यरुशलेमच्या सभेत हाच वाद आला, विदेशी विश्वासणाऱ्यांनी सुंता करायची की नाही, आणि शेवटी उठून निर्णय कोणी मांडला तर याकोबानं, येशूच्या भावानं, ज्याच्या नावाचं हे पत्र मंडळीनं परंपरेनं मानलंय, आणि निर्णय पौलाच्या बाजूचा, की त्यांना त्रास देऊ नका. गलतीकरांस दुसऱ्या अध्यायात पौल स्वतः सांगतो की याकोब, केफा (म्हणजे पेत्र) आणि योहान यांनी मला उजवा हात दिला, एवढंच म्हणाले की गरिबांची आठवण ठेवा, आणि ते करायला तर मी आधीच उत्सुक होतो. पुढे कित्येक वर्षं तो मंडळ्यामंडळ्यांत यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत फिरला. कर्मांनी तारण होत नाही असं सगळ्यात जोरात सांगणारा माणूस, आणि गरिबांसाठी झोळी घेऊन फिरणाराही तोच. ज्यांना यात विरोध दिसतो त्यांनी पौलाची पत्रं पहिल्या अर्ध्यापर्यंतच वाचलीत असं मला वाटतं. इफिसकरांस २:८-९ पोरांकडून पाठ करून घेतो आपण, दहावी ओवी कोणी पाठ करतच नाही, जिच्यात लिहिलंय की आपण त्याची हस्तकृती आहोत आणि सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. कर्मांनी नाही, कर्मांसाठी. मी आता संडे स्कूलला तिन्ही ओव्या एका श्वासात म्हणायला लावतो.

मावशींच्या बाजूबद्दलही एक सांगायला हवं, कारण आपल्या प्रोटेस्टंट घरांत सर्रास बोललं जातं की कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात. असं नाही आहे. ट्रेंटला भरलेल्या कॅथलिक चर्चच्या परिषदेनं जानेवारी १५४७ मधे याच विषयावर जो ठराव केला त्याचा पहिलाच नियम असा आहे की ख्रिस्ताच्या कृपेवाचून माणूस आपल्या कर्मांनी नीतिमान ठरतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत. हो, त्यांनी "केवळ विश्वास" यालाही तिथेच नकार दिला, आणि फरक खरे आहेत, नीतिमान ठरवणं म्हणजे देवाचा निकाल का आतून होणारा बदलही त्यातच धरायचा, सत्कृत्यांना पुढे काही फळ लागू होतं का, इथे आमचं त्यांचं आजही पूर्ण जुळत नाही. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गला ल्यूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्चनं मिळून एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि त्यात दोघांनी एकत्र म्हटलं की आपल्या कोणत्याही लायकीमुळे नाही तर केवळ कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासात, देव आपल्याला स्वीकारतो, आणि देवच पवित्र आत्मा देऊन सत्कृत्यांसाठी तयार करतो. मेथडिस्ट २००६ मधे यात सामील झाले. हे ज्या विषयावरून झालं त्याच विषयावरून शेकडो वर्षं घरं तुटली होती ताई. आणि आपल्या नागपूरच्या लोकांना तर हे माहीत असायलाच पाहिजे की २९ नोव्हेंबर १९७० ला याच शहरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला, सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात लहान बाळाला बाप्तिस्मा देणारेही होते आणि मोठेपणीच देणारेही. एकमेकांना तारणाबाहेर काढून ते झालं नसतं.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे एवढं लिहून राहिलो ती. मत्तय ७ आणि मत्तय २५ शेजारी ठेवून वाचा. सातव्या अध्यायात काही लोक न्यायाच्या दिवशी येतात आणि यादी वाचतात, प्रभू, तुझ्या नावानं आम्ही संदेश दिला, भुतं काढली, मोठी कामं केली. आणि तो म्हणतो मी तुम्हाला ओळखतच नाही. पंचविसाव्यात मेंढरं, म्हणजे स्वीकारलेले लोक, उजवीकडे उभी आहेत, राजा म्हणतो मी भुकेला होतो आणि तुम्ही खायला दिलंत, आणि ते गोंधळतात, म्हणतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? त्यांना आठवतच नाहीय! ज्यांनी मोजून ठेवलं होतं ते बाहेर राहिले, आणि ज्यांनी केलं ते त्यांच्या हिशेबातच नव्हतं. दोन्हीकडे कर्मं आहेत. फरक कर्मं असण्या-नसण्याचा नाहीच, ती तारण म्हणून ठेवली होती का प्रेमातून सांडली होती याचा आहे.

म्हणून मी लोकांना दोन्ही बाजूंनी टोकतो. आमच्याकडे एक ठेकेदार होता, बांधकामाचा, प्रार्थना सभेत त्याच्या साक्षीनं लोक हलून जायचे, मी पापी होतो, प्रभूनं मला धरलं, आणि ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण त्याच्या साइटवरच्या बालाघाटकडच्या मजुरांची दोन महिन्यांची मजुरी थकलेली होती, त्यातली एक बाई कडेवर लेकरू घेऊन माझ्या दाराशी आली. मी त्याला घरी बोलावून याकोब ५:४ वाचून दाखवली, ज्या मजुरांनी तुमची शेतं कापली त्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणं प्रभूच्या कानी गेलंय. तो म्हणाला, पाळकबुवा, माझं तारण विश्वासानं झालंय, तुम्ही मला नियमशास्त्रात नेताय. मी म्हटलं भाऊ, जक्कय जकातदाराला कोणी नियम सांगितला नव्हता. येशू आधी म्हणाला आज मला तुझ्या घरी उतरायचंय, अट कोणतीच नाही, आणि मग जक्कय स्वतः उठून म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. तारण घरात आलं म्हणून तिजोरी उघडली. तुझी अजून बंद का आहे? तो रागावून गेला, मजुरी अर्धी दिली, अर्धी नाही, आणि आमच्या मंडळीतही परत आला नाही. मी त्याला असा तारणाबाहेर घोषित केलेला नाही, तो माझा अधिकार नाही, पण त्याची पाठ थोपटून सगळं ठीक आहे असंही सांगितलं नाही, कारण ते सांगणारा पाळक त्याचा वैरी झाला असता.

पंडिता रमाबाईंचं आठवतं मला इथे. १८८३ साली इंग्लंडमधे त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मधे मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी एवढं मोठं काम, आणि तरी त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी मला कळलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आता ज्याला वाटतं की कृपा समजली की माणूस हातपाय गाळून बसतो त्यानं यापुढचं बघावं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या, नागपूर तेव्हा त्याच प्रांताची राजधानी, आणि उपाशी मरणाऱ्या शेकडो पोरीबाळींना उचलून केडगावला घेऊन गेल्या. कृपा कळल्यावर काम कमी झालं नाही, वाढलं. फक्त आधी त्या स्वतः शोधत होत्या, आता त्या सापडलेल्या होत्या. ल्यूथरनंही रोमकरांसच्या प्रस्तावनेत असंच म्हटलंय की विश्वास सत्कृत्य करू का असं विचारत बसत नाही, विचारायच्या आधीच करून मोकळा झालेला असतो.

आता बाबा.

व्हेंटिलेटरवर बोलता येत नव्हतं म्हणून प्रार्थना झाली नाही, हे तुम्हाला सगळ्यात जास्त खातंय हे मला दिसतं. तारणाची ठरावीक प्रार्थना असा शब्दांचा साचा बायबलात कुठेच नाही. मंदिरात जकातदार छाती बडवत एवढंच म्हणाला की देवा, माझ्यावर, पाप्यावर, दया कर, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरचा चोर म्हणाला माझी आठवण ठेव. त्याला बाप्तिस्मा नव्हता, मंडळी नव्हती, एकही डबा वाटायला वेळ नव्हता. आणि तरी बघा, खिळलेल्या अवस्थेतही त्याचा विश्वास गप्प बसला नाही, शेजारच्याला दटावलं, आपला गुन्हा कबूल केला, येशू निर्दोष आहे हे सगळ्यांसमोर बोलला. जेवढा श्वास होता तेवढ्यात जेवढं होईल तेवढं. घशात नळी असलेल्या माणसाचं हृदय देवाला ऐकू येत नाही असं मी कोणत्याही खाटेजवळ मानलेलं नाही. मी बेशुद्ध माणसाच्या कानाशीही वचन वाचतो, स्तोत्र २३ वाचतो, आणि नर्स थांबून ऐकतात.

मी तुमच्या बाबांना ओळखत नव्हतो. त्यामुळे सर्टिफिकेट मी देणार नाही, तसं भाऊजींनाही ते रोखायचा हक्क नाही, न्यायासनावर दुसराच कोणी बसलाय आणि त्याच्या हातांना खिळ्यांचे वण आहेत. पण तुमच्या पत्रात तुम्ही एक वाक्य लिहिलंय, सहज लिहून पुढे गेलात. कोणी बाबांची स्तुती केली की ते म्हणायचे, माझं काय त्यात, त्यानं मला दिलं तेच वाटून राहिलो. ताई, जो माणूस आपले डबे तारण म्हणून ठेवतो तो असं नाही बोलत. तो मोजतो. तुम्ही हेही लिहिलंय की किती डबे झाले हे घरात कोणालाच माहीत नाही, बाबांनी वही ठेवली नव्हती. मला मत्तय २५ मधले ते गोंधळलेले चेहरे आठवले. तुम्ही विचारलंत की पाळक म्हणून माझ्या मनाला काय वाटतं, तर ते आशेकडे झुकतं, आणि ती आशा डब्यांच्या संख्येवर नाही, त्या "त्यानं मला दिलं" वर टेकलेली आहे.

उपासना चुकवणं मात्र मी बरोबर म्हणणार नाही, खोटं कशाला. प्रभुभोजन, एकत्र वचन ऐकणं, हे विश्वासाचं जेवण आहे, आणि दुसऱ्याला जेवू घालणाऱ्यानंही जेवायला हवं. त्यांच्या पाळकानं त्यांना डबे दुपारी नेता येतील अशी सोय सुचवायला हवी होती, किंवा मंडळीतल्या चार पोरांना त्यांच्यासोबत पाठवायला हवं होतं. १५ वर्षं एक माणूस एकटा हे करतो आणि मंडळी फक्त त्याची गैरहजेरी मोजते, यात दोष एकट्या बाबांचा नाही.

भाऊजींशी भांडू नका. त्यांना एकदा घरी जेवायला बोलवा आणि इफिसकरांस २ च्या आठ, नऊ, दहा तिन्ही ओव्या सोबत वाचा, काही सिद्ध करायला जाऊ नका. दुःखाच्या घरात तिसऱ्या दिवशी असं बोलणं चूक होतं, हे मात्र आईसमोर नाही, त्यांना बाजूला घेऊन शांतपणे सांगा. ते ऐकतील असं वाटतं, कारण ज्याला वचनाची एवढी पर्वा आहे त्याच्याशी वचनातून बोलता येतं.

राहिले डबे. ते बाबांच्या नावे लागणार नाहीत. मावशी मृतांसाठी प्रार्थना करतील, त्यांच्या मंडळीत ती रीत आहे, त्यांना करू द्या, त्यावरून घरात वाद नको, पण माझी समजूत अशी आहे की बाबांच्या खात्यात आता कोणाला काही भरायचं नाही, जे भरायचं होतं ते वधस्तंभावर भरून झालंय. तुम्हाला त्यांच्यासाठी काही कमवायचं नाही, हा भार खाली ठेवा. आणि मग, भार खाली ठेवल्यावर, जावंसं वाटलं तर जा. गडचिरोली, चंद्रपूर, पार छिंदवाड्याकडून लोक पेशंट घेऊन येतात, पेशंटला आत जेवण मिळतं, सोबत आलेला म्हातारा बाप बाहेर फुटपाथवर चहा-बिस्किटावर दिवस काढतो. त्याला भूक लागते म्हणून जा. उपासना सकाळी आटपून साडेबारा-एकला पोचलात तरी चालतं, तेव्हाच वॉर्डातून लोक खाली येतात. आमच्या युवक संघाची दोन पोरं रविवारी मोकळी असतात, मी त्यांच्याशी बोलून ठेवतो. आणि भाजीत तिखट जरा कमीच घाला, म्हाताऱ्यांना आपलं सावजी तिखट सोसत नाही.